सोमवारच्या गोळ्या

जोहे, ता. पेण
९ जून १९९६

चि. अनिता हिला दादाचा आशीर्वाद.

तुमच्या घरी आलेलं पत्र ओसरीवर मोठ्यानं वाचतात, म्हणून आधी ओसरीवरच्या सगळ्यांना रामराम. कृष्णाबाई विहिणींना नमस्कार. जावईबापू हरेशरावांनाही. शिमग्याला पालखीपुढं तुझ्या हातून ओवाळणीचं ताट पडलं, त्यांनी चारचौघांत तुझ्या कानाखाली वाजवली, आणि मग त्यांचे दोन दात आणि माझी तीन बोटं कामातून गेली. झालं ते झालं. ‘निडीच्या शिवेत पाय ठेवलास तर तंगडी तोडीन,’ असं ते म्हणाले, ते मी नीट ऐकलं आहे. म्हणून पोस्टमनला पाठवतो. त्याची तंगडी सरकारची, ती कुणी तोडत नाही.

आता औषधाचं. तुमच्या आळीत लोक म्हणतात म्हणे, की गुणाजीनं बहिणीला मुंबईच्या इस्पितळात नेऊन प्रयोगाचा उंदीर केला. कोण म्हणतं तेही मला माहीत आहे, पण नाव लिहीत नाही, पत्र मोठ्यानं वाचलं जातंय. तेव्हा सगळ्यांनी ऐका. ताट पडलं ते नखऱ्यानं नव्हे. हिच्या अंगात स्वतःचं रक्तच स्वतःच्या स्नायूंवर उलटलंय. राखणीचा कुत्रा घरच्यालाच चावावा तसं. म्हणून हात खांद्यावर जात नाही, खाली बसली तर उठता येत नाही, पापण्या जांभळासारख्या झाल्यात. नेहमीची औषधं देऊन झाली, त्यांनी फक्त तोंड सुजलं. आता डॉक्टरीण नमिताबाई जी पिवळी गोळी देतायत ती नवी नाही. सांधेदुखीची जुनी गोळी आहे. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या ती खाऊन जिने चढतात. तीच या स्नायूंच्या आजाराला चालते का, एवढंच बघायचंय. चाललं तर आमची बाय पुन्हा हंडा उचलेल, नाही चाललं तर हा आजार घशात उतरतो आणि घास गिळता येत नाही. तिकडं आत्ताच भाताला ठसका लागतो, ते हरेशरावांनी पाहिलंच असेल.

बाकी डॉक्टरीणबाईंनी तुला मला समोर बसवून जे बजावलं ते तुझ्या ध्यानात आहेच. ते इथं लिहीत नाही. माणसं उगाच घाबरतात.

कारखान्यात गणपतीची घाई सुरू झाली. आता विसर्जनापर्यंत मला इथून हलता यायचं नाही. इस्पितळात न्यायला कारखान्यातला आपला शिवा जीप घेऊन नागोठण्याच्या नाक्यावर येईल. वहिनी विचारते, पापड पोचले का?

तुझा दादा
गुणाजी


निडी, ता. रोहा
३० जून १९९६

ती. दादास,

पत्र पोचलं. पापडही पोचले. ह्यांनी पत्र वाचून दाखवलं, दातांच्या ओळीला थांबले, मग पुढं वाचलं.

माझी तब्येत बरी आहे. गोळ्या सोमवारी घेते. आई म्हणाल्या, ‘सांद्याची गोली हाय तं मना का नाय? जनम भाताच्या आवणीत गेला, गुडघं माझं धरलंत आन् गोली सुनेला!’ सगळे हसले. मीही हसले.

परवा विहिरीच्या पायरीवर पाय घसरला आणि तोंडाला थोडं लागलं. काळजी करू नये. कुणी काही सांगितलं तर विश्वास ठेवू नये. ह्यांची कंपनीतली शिफ्ट बदलली आहे, आता रात्रपाळी नसते, घरीच असतात.

वहिनीला नमस्कार सांग. पत्र ह्यांनी वाचलं आहे आणि तेच पोस्टात टाकतील.

तुझी
अनिता


जोहे
२४ जुलै १९९६

अनिता बाय,

हे पत्र तुझ्या शेजारच्या गिरजाबाईच्या नावावर पाठवतोय. तिच्या भावानं पेणच्या एस.टी. स्टँडवर चहा पिताना दुसऱ्या एकाला जे सांगितलं ते मी पाठमोरा बसून ऐकलं. देवानं मला शाळा चौथीपर्यंतच दिली, पण कान मात्र दोन्ही शाबूत दिले. माती मळणाऱ्या पोराचा कारखानदार झालो तो या कानांवरच. मग मी वळलो, त्याचा चहा माझ्याकडून सांगितला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

तेव्हा विहिरीची पायरी राहू दे. केरू भगतानं तुला झोडपलं.

मी काय केलं ते ऐक, म्हणजे तुझ्या जिवाला जरा थंडावा मिळेल. केरू गेल्या मंगळवारी पेणच्या बाजारात सुकी मासळी घ्यायला आला होता. मी त्याला नमस्कार केला. म्हटलं, ‘भगत, माझ्या हाताला काहीतरी झपाटलंय, आपोआप उठतो.’ तो म्हणाला, ‘कधीपासून?’ म्हटलं, ‘हा बघ, आत्तापासून.’ पहिल्या ठोशात तो बोंबलांच्या ढिगात बसला. उठायला गेला, तर मी त्याच्याच पिशवीतली वेताची छडी काढली आणि भर बाजारात त्याच्या अंगातलं भूत शोधलं. पाठीत नव्हतं, पोटऱ्यांत नव्हतं. नाकात सापडलं, कारण नाक मोडल्यावर तो माणसासारखं रडायला लागला. कोळणी म्हणाल्या, ‘गुणाजीशेठ, मासळीवर रक्त उडतंय.’ मी त्यांची मासळी विकत घेतली आणि घरी आलो. हात अजून ठणकतोय, पण गोड ठणकतोय.

आता पत्रं गिरजाबाईच्या हाती देत जा. खरं लिही. शिवा म्हणाला की इस्पितळात तू पदर तोंडावरून काढलाच नाहीस. पावसात गाडी अडकते म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या जास्तीच्या दिल्या, तेही त्यानं सांगितलं. नीट ठेव त्या.

गुणाजी


निडी
१२ ऑगस्ट १९९६

दादा,

खरं लिही म्हणालास, लिहिते. बोटांना काही झालेलं नाही, खांदेच मेलेत, म्हणून लिहिता येतं.

केरूनं मला अंगणात बसवलं. धुरी केली, लिंबू कापलं. ह्यांनी मागून माझे केस मुठीत धरले. केरू विचारायचा, ‘कोन हायस तू? कुठल्या पिंपलावरची?’ आणि चिंचेची फोक ओढायचा. कुणीही माणूस हात आडवा धरतं ना रे? माझा हात वरच येत नाही. म्हणून सगळे फटके तोंडावर बसले. केरू म्हणाला, ‘बघा, हात आडवा करत नाय. बाईमानूस आसती तं केला आसता. ही बाई नाय, आत दुसरंच कोन हाय.’ आणि लोकांनी माना डोलावल्या.

तू त्याचं नाक मोडलंस, ते इथं दुसऱ्याच दिवशी कळलं. ह्यांनी कंपनीचा पट्टा काढला. मी पडले. पडल्यावर मला उठता येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. हे तसेच कामावर गेले. मी परसात पडून होते, हे परत येईपर्यंत. कोंबड्या अंगावरून फिरत होत्या. तोंड चिखलात होतं, ते एका बाजूला वळवायला केवढा वेळ लागला. आई पाणी भरायला निघाल्या तेव्हा मला ओलांडून गेल्या, येताना हंडा जड होता म्हणून वळसा घालून आल्या.

तू तिकडं एक मारतोस, दादा, आणि इकडं मला चार पडतात. तुझ्या जिवाला थंडावा मिळाला असेल. मला नाही मिळाला.

पण आता बरं आहे. गेल्या सोमवारपासून कुणी हात उचललेला नाही. ह्यांनी पट्टा काढला की आई आतून म्हणतात, ‘ऱ्हाऊ दे रे,’ आणि हे थांबतात. आईंचं मन वळलंय. कसं वळलं ते विचारू नकोस. आणि कुणाला मारू नकोस.

अनिता


जोहे
१ सप्टेंबर १९९६

अनिता बाय,

मारू नकोस म्हणालीस. मी नाही गेलो कुणाला मारायला. मारच माझ्या दारी आला.

परवा भर दुपारी हरेश आणि त्याचे दोन साथीदार कारखान्यात शिरले. हातात पहारी. कारागीर जेवायला बसलेले. चतुर्थी तोंडावर आलेली, फळ्यांवर मूर्ती वाळत होत्या. रंग व्हायचा होता, डोळ्यांची आखणी व्हायची होती. त्यांनी पहिली फळी खाली ओढली. मग दुसरी. सोंडा, हात, उंदीर, सगळा चुरा. हरेश ओरडत होता, ‘भगताचं नाक मोडतोस? घे, तुझ्या देवाचं मोडतो!’ आमचा म्हातारा आखणीवाला दत्तात्रेय मध्ये पडला, तर पहारीच्या दांड्यानं त्याचा गुडघा फोडला.

आपल्या धंद्यात डोळे उघडेपर्यंत मूर्ती माती असते, हे हरेशलाही ठाऊक होतं. डोळे आखलेल्या मूर्ती आतल्या खोलीत होत्या, तिकडं कुणी गेलं नाही. एवढं शहाणपण त्या रागातही होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. माणूस भान ठेवून तोडफोड करत होता.

मी त्याला मानेला धरला आणि मातीच्या टाकीत त्याचं तोंड दाबलं. शाडू कशी असते तुला माहीत आहे, लोण्यासारखी. आत जाताना आवाजसुद्धा होत नाही. तो पाय झाडत होता. मी मोजत नव्हतो. पाय झाडायचे थांबत आले तेव्हा तुझ्या वहिनीनं माझ्या दंडाला दातांनी कडकडून चावलं आणि म्हणाली, ‘अवो, तिचं कुंकू हाय ते!’ तेव्हा सोडला. त्याच्या नाकातोंडातून माती काढायला कारागिरांना बराच वेळ लागला. मग त्याला उभं केलं, पाणी पाजलं आणि नाक्यावर सोडला. तो गप होता. मला गप माणसाची भीती वाटते, कारण त्याचं काहीच ऐकू येत नाही.

आता दुसरं, आणि हे मला जास्त लागलंय. वीस तारखेला शिवा तुला इस्पितळात घेऊन गेला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की बाकीच्या रोग्यांपैकी निम्म्यांना फरक दिसतोय, तुझा मात्र पाय होता त्याहून जड झालाय, आणि गिळणंही वाईट आहे. आणखी एक महिना बघतील. नाही तर ‘या रोग्याला औषध लागू नाही’ असं धरून बंद करतील. त्यानंतर त्यांच्याकडंही काही नाही.

जुलैत तुला थोडं बरं वाटत होतं, तूच शिवाला म्हणालीस. मग उलटं कसं झालं? गोळ्या घेतेस ना? सोमवारी, सगळ्या, एकदम? मला खोटं लिहू नकोस. तुझं अक्षर बरं आहे, पण मजकुरात तू कुठंतरी मान खाली घालून बसली आहेस.

गुणाजी


निडी
७ सप्टेंबर

दादा,

गिरजाबाईनं कागद आणि पेन्सिल गोठ्याच्या फटीतून आत सरकवलंय. मी गोठ्यात आहे. बाहेरून कडी आहे.

आईंचं तोंड आलंय. तोंड येतं तसं नाही, आतून सोललंय. ओठांना, जिभेला, गालांना कातडी राहिली नाही. पाणी प्यायल्या तर किंचाळतात. कालपासून हिरड्यांतून रक्त येतंय ते थांबत नाही, आणि अंगावर काळेनिळे डाग पडलेत. कुणी न मारता. हे म्हणतात मी विष घातलं. तू ह्यांना मातीत बुडवलंस आणि मी आईला विष घातलं, असा ह्यांचा हिशेब जुळलाय. रात्री कोयत्याच्या मुठीनं माझ्या पाठीवर मारलं. पातं उद्यासाठी ठेवलंय म्हणाले. केरूला बोलावलंय. आईंना दवाखान्यात न्यायला तयार नाहीत, म्हणतात आधी करणी उतरू दे.

येऊ नकोस. इथं माणसं जमलीत.

अनिता


जोहे, ८ सप्टेंबर

अनिता,

शिवा पुढं मोटरसायकलवरून ही चिठ्ठी आणतोय, मी मागून जीपनं निघालोच आहे.

तोंड सोललंय, रक्त थांबत नाही. डॉक्टरीणबाईंनी आपल्याला समोर बसवून हेच सांगितलं होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज घेतली तर विष. आधी तोंड जातं, मग रक्त, मग माणूस. मी ते पत्रात लिहिलं नाही. माणसं घाबरतील म्हणून लिहिलं नाही, आणि सांध्यांचं औषध आहे, म्हाताऱ्या जिने चढतात, हे मात्र ओसरीवर वाचायला पाठवलं.

म्हातारीनं तुझ्या गोळ्या चोरल्या. दुसरं काही असूच शकत नाही. म्हणूनच तुझा पाय जड झाला. तुझ्या तोंडातलं औषध ती गुडघ्यांना खात बसली.

माझं अर्धं मन म्हणतं, गप बस. मरू दे तिला. तुला ओलांडून पाण्याला गेली ती. हे मन मला आहे, ते तुला माहीत असावं म्हणून लिहितो. पण या विषावर उतारा आहे, वेळेत दिला तर. तुला तिथून काढायचं तर तिलाही काढावं लागेल. ती मेली तर तुला गावच जाळेल.

तिला बोलता येत नसेल तर तू ओरड. गोळ्या खाल्ल्यात म्हणून ओरड.

शीव गेली खड्ड्यात. येतोय.

दादा


मुंबई
सोमवार, १४ ऑक्टोबर १९९६

दादा,

काल वहिनी तुझ्या पेणच्या इस्पितळातून आली होती. म्हणाली, तू उठून बसलास, खांद्याचे टाके निघाले, पण डावा हात पूर्वीसारखा व्हायचा नाही. आणि तू नर्सला म्हणालास, ‘बरं झालं, आता दोघं भाऊबहीण मिळून एका माणसाइतके हात.’ ती हसत सांगत होती आणि डोळे पुसत होती. म्हणून आज लिहायला बसले. तुला आठवतं तेवढं तू पोलिसांना सांगितलंस. जिथून तुला आठवत नाही तिथून मी सांगते, आणि त्याच्या आधीचं एक.

तू गोठ्याची कडी पहारीनं तोडलीस तोवर तुला आठवतं. ह्यांनी मागून कोयता घातला तेव्हा तू वळलासही नाहीस. मला उचलून शिवाकडं दिलंस, तुझ्या रक्तानं माझा पदर भिजला, आणि मग तू म्हणालास, ‘आता म्हातारी.’ हे परत कोयता उगारून आले. शिवाच्या हातात जीपचं हँडल होतं. ते ह्यांच्या मनगटावर बसलं तो आवाज मी ऐकला, सुकी काटकी मोडावी तसा. कोयता पडल्यावर गाव मागं सरलं. केरू तर कधीच पळाला होता. आईंना गिरजाबाईनं आणि तिच्या सुनेनं उचलून आणलं. तू जीपमध्ये बसलास आणि माझ्या मांडीवर आडवा झालास.

रोह्याच्या दवाखान्यात तुला टाके घालत होते. आईंना बघून तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? आईंचं तोंड म्हणजे नुसतं मांस. त्या माझ्याकडं बघत होत्या. शिवाला तुझी चिठ्ठी पाठ होती, तो म्हणाला, ‘म्हातारीनं हिच्या गोळ्या चोरून खाल्ल्या.’

तुझ्या चिठ्ठीत तेवढंच चुकलं होतं, दादा. त्यांनी चोरल्या नाहीत. मी दिल्या.

तुझं पहिलं पत्र वाचल्यापासून त्या मागत होत्या. मी देत नव्हते. मग तो परसातला दिवस झाला. त्यानंतर एका सकाळी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘मना एक गोली देत जा रोज, मी त्याचा हात धरीन.’ मी दिली. त्या दिवशी मार चुकला. दुसऱ्या दिवशी दिली, चुकला. मग त्या सकाळी एक, संध्याकाळी एक मागू लागल्या. गुडघे हलके झाले म्हणायच्या, शेजारणींना पायरी चढून दाखवायच्या. मी सोमवारी एखादी घ्यायचे, कधी तीही नाही. माझे पाय जड होत गेले ते मला कळत होतं. पण पट्टा निघत नव्हता ना.

आणि ही गोळी रोज घ्यायची नसते हे मी त्यांना सांगितलं होतं. एकदाच. त्या म्हणाल्या, ‘तुला द्यायची नाय म्हनून सांगतंस.’ त्यानंतर मी पुन्हा सांगितलं नाही. रोज तळहातावर ठेवत गेले. त्यांच्या ओठाला पहिला फोड आला तेव्हा मला कळलं काय सुरू झालंय. तरी त्या संध्याकाळी मागितली तेव्हा दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. तू ह्यांना मातीत दाबलंस तेव्हा तुझा दंड चावायला वहिनी होती. मला कुणी चावलं नाही.

रोह्यात मी गप राहिले असते तरी चाललं असतं. शिवानं गोळ्यांचं सांगितलंच होतं, उतारा मिळालाच असता. पण किती दिवस, किती गोळ्या, हे फक्त मलाच ठाऊक होतं, आणि उतारा किती द्यायचा ते त्यावर ठरतं, असं ते म्हणाले. मी सांगितलं. कधीपासून, रोज किती, आणि कुणी दिल्या. सगळं आईंच्या देखत. त्यांनी लगेच मुंबईला पाठवलं, गाडीत आम्ही दोघी शेजारी शेजारी. नमिताबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनाही मी तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘माहीत असून दिलीस?’ मी हो म्हणाले. त्यांनी वहीत माझ्या नावावर रेघ मारली. मग म्हणाल्या, ‘आमच्या अभ्यासात तू आता धरली जाणार नाहीस. औषध घेतलंच नाहीस, तर लागू पडलं की नाही कसं लिहू? पण रोगी म्हणून माझी आहेस. पहिल्यापासून सुरू करू. गोळी माझी नर्स देईल आणि तू गिळेपर्यंत उभी राहील.’

आईंचं रक्त थांबायला आठवडा लागला. केस गेले. त्या मरता मरता राहिल्या. तोंडाला नवी कातडी आली त्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. माझी खाट समोरच होती. मी उशीला टेकून बसले होते आणि वाट बघत होते. त्यानं विचारलं, ‘आजी, गोळ्या कुणी दिल्या?’

आई म्हणाल्या, ‘कोन देतंय? मीच चोरल्या. फडताळातून.’

‘आणि सुनेला मारहाण?’

‘माझ्या पोरानं केली. मी सांगितली. केरूला मीच आनला. लिव.’

हवालदार गेल्यावर मी म्हणाले, ‘आई, खोटं कशाला बोललात?’ त्यांनी मान वळवली. ‘तुझ्यासाठी नाय गो. तू डाक्टरला खरं सांगितलंस म्हनून मी जिती हाय. तेवढं फिटलं. आता ऐक. माझा पोरगा तुरुंगात हाय, त्याचा हात मोडलाय, मी त्याच्याच बाजूला ऱ्हानार. तू माझ्या घरात यायचं नाय. आलीस तं मी तुझ्या हातचं पानी पिनार नाय, आन् तूबी माझ्या हातचं पिऊ नको.’ मग म्हणाल्या, ‘फोड आला त्या दिशी तू बघितलंवतंस. मीबी तुझ्याकडं बघितलंवतं.’

बस, एवढंच. काल गिरजाबाईचा भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना त्या माझ्या खाटेजवळून गेल्या, थांबल्या नाहीत.

तुला हे कळल्यावर तू काय म्हणशील ते मला माहीत नाही. वहिनीला सांगायचं की नाही ते तू ठरव. नमिताबाई महिनाभर तरी सोडणार नाहीत. त्यानंतर मला जोह्याला न्यायचं असेल तर शिवाला पाठव, नसेल तर पाठवू नकोस, मी समजेन. उजवा हात खांद्यापर्यंत जायला लागलाय, डावा अजून नाही. भात पातळ करून देतात, तो ठसका न लागता जातो.

आज सोमवार. सकाळी नर्सनं गोळ्या हातावर ठेवल्या आणि ती समोर उभी राहिली. सगळ्या मीच घेतल्या.

अनिता